हाजरातीचं पोर

अय्यणभटांचं नाव हुक्केरीत आता कुणी काढत नाही.
काढलंच तर थुंकून : तो चेटक्या व्हय?
मला त्यांचं सारवलेलं अंगण आठवतं.
तिथं ते खडूनं आकाश मांडायचे,
आणि शनीचं घर पुसून पुन्हा, पुसून पुन्हा.
"हा माघारी का फिरतो, तेच मला कळंना."
तोवर आतला भात गार.

दिवसा ते खानाच्या दरबारचे.
मुहूर्त, ग्रहणं, तोफेच्या गोळ्याची झेप,
टेकडीवरनं कारंज्यापर्यंत पाणी आणायची खापरी नळी,
सगळं त्यांच्या बोटांच्या पेरांवर.
पितळी यंत्रराज छातीशी धरून बुरूज चढले
की शिपाई वाट सोडायचे,
थोडे आदरानं, बरेचसे भिऊन.
एकदा ग्रहण दोन घटका उशिरा लागलं.
खान हसला.
हे आठ दिवस जेवले नाहीत.

रात्री मात्र माझं काम.
अकरा वर्षांचा मी, कुंभाराचा, पायाळू.
पायाळूला जमिनीखालचं दिसतं म्हणतात.
आधी अंगठ्याच्या नखाला काजळ झालं.
मग चोर्ल्याचा घाट चढून एक फिरंगी आला,
त्याच्याकडून दोन बैलांच्या मोलाचा
काळा काचदगड घेतला, तळहाताएवढा.
"काय दिसालंय रे, भरमा?"
दिसायचा समईचा ठिपका. आणि माझंच नाक.
पण ताटात तूप होतं.
मी बोलत गेलो.

"मुवक्कल कुठल्या भाषेत बोलालेत?"
आता आली का पंचाईत!
मग आईची कानडी उलटी केली,
मावशीची मराठी मधेच मोडली,
वर तबेल्यातली दखनी भुरभुरली.
नीरूचं झालं रूनी.
ते लिहीत राहिले, विभक्त्या लावल्या,
धातू वेगळे काढले, आणि मी चुकलो
तर तेच मला अडवायचे :
"मागल्या अवसेला रूनीला हा प्रत्यय नव्हता."

एकदा, एकदाच, दगडात खरं काही हललं.
त्यांचंच घर. पोथ्यांच्या फडताळातून धूर,
दारात पलिते घेतलेली माणसं,
सगळी ओळखीची, त्यात माझा चुलताही.
पण त्या रात्री खान स्वतः समोर बसला होता
आणि त्याला पुरलेलं धन पाहिजे होतं.
मी म्हणालो, सात हंडे. विजापूरच्या वाटेवर. चिंचेखाली.

तीन महिने त्यांनी चिंचा खणल्या.
त्या साली गावात गुरं मेली.
कुणीतरी म्हणालं, भटानं आकाश बांधून ठेवलंय.
परतलो तेव्हा भिंती उभ्या होत्या, बाकी राख.
ते उकिडवे बसून राखेत पितळ शोधत होते.
यंत्रराज सापडला. भाकरीएवढा, सपाट,
एकही तारा न उरलेला.

पुढं दरबार सुटला, इनाम गेलं.
वाचलेली पानं एकेक करून वाण्याकडं,
हिंगाच्या पुड्या बांधायला.
एकच बाड त्यांनी विकलं नाही,
माझ्या खोट्या भाषेचं व्याकरण.

शेवटच्या दिवशी उशाशी मीच होतो.
ओठ हलले : "रूनी."
मी तांब्या आणला.
एक घोट घेऊन ते हसले, इतक्या वर्षांनी,
आणि म्हणाले, सरळ, माझ्या आईसारखं,
"नीरू, भरमा. नीरू."
माझ्या हातातला तांब्या हिंदकळला.
"शब्द तुझे होते. पण नियम, नियम मी नव्हते घातले.
ते आपोआप निघाले."
मग त्या भाषेत ते बराच वेळ बोलले,
आणि मला सगळं समजलं.

काचदगड आता सुनेनं
कैरीच्या मडक्यावर दाबून ठेवलाय.
ती भाषा जाणणारा मी एकटा उरलोय.
ते सगळं मांडून गेले. मी मात्र
त्या धुराचं त्यांना
कुठल्याच भाषेत सांगितलं नाही.